पाचामुखी परमेश्वर?

(तृतीय वर्ष कला)

२ फेब्रुवारी २०२५ ची संध्याकाळ आपल्या शहरातील कुस्तीशौकीन लवकर विसरतील असे वाटत नाही. वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा तो अखेरचा दिवस. माझे मामा हे कुस्तीचे परमभक्त. गावची जत्रा असो की जिल्ह्याची निवड चाचणी, आखाड्याच्या कडेला ते हजर असायचेच. त्यांच्याच आग्रहाने मी त्या गर्दीत जाऊन बसले होते. गादी विभागातील निर्णायक कुस्ती लागली होती. एका बाजूला नांदेडकडून उतरलेला, पूर्वी केसरीची गदा मिळवलेला शिवराज राक्षे. दुसऱ्या बाजूला पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ. पाहता पाहता खाली काहीतरी उलथापालथ झाली, पंचांचा हात वर गेला आणि मोहोळ चीतपटीने विजयी झाल्याचे जाहीर झाले. राक्षेचे म्हणणे असे की, माझे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले नाहीत, चित्रफीत पुन्हा पाहा. निर्णय बदलला नाही. मग जे घडले ते साऱ्या महाराष्ट्राने घरबसल्या पाहिले. पंचांची कॉलर धरली गेली, लाथ मारली गेली, पोलीस गादीवर आले.

आम्ही जेथे बसलो होतो तेथून खांदे तर सोडाच, पैलवानही धड दिसत नव्हते. तरी मामांनी पांडुरंगाची शपथ घेऊन सांगितले की पाठ लागलेली नव्हती. पुढच्या रांगेतील एका फेटेवाल्या गृहस्थांनी तितक्याच निष्ठेने उलट शपथ घेतली. दोघेही सज्जन, दोघांनीही आयुष्यभर कुस्त्या पाहिलेल्या, आणि दोघांनाही त्या क्षणी काही दिसलेले नव्हते.

पुढे किताबाच्या लढतीतही तेच. मोहोळसमोर सोलापूरचा महेंद्र गायकवाड होता. शेवटच्या काही सेकंदांत एका गुणावरून वाद झाला, गायकवाड गादी सोडून निघून गेला आणि मोहोळला महाराष्ट्र केसरी घोषित करण्यात आले. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. एका माजी महाराष्ट्र केसरीने तर आपल्या गदा परत करण्याची भाषा केली. त्यातच पुढच्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसऱ्या संघटनेची दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि सोलापूरचा वेताळ शेळके तिचा मानकरी ठरला. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन केसरी! पण तो निराळा विषय आहे; त्यात शिरले तर हा अंक पुरणार नाही.

मला एक जुनी गोष्ट आठवली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाची निर्णायक कुस्ती महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्यात झाली होती. बाहेरची टांग मारून महेंद्रने सिकंदरला धोकादायक स्थितीत आणले, असे मानून पंचांनी महेंद्रला चार गुण दिले आणि त्यावरून महाराष्ट्र पेटला. सिकंदरवर अन्याय झाला म्हणून पंचांना धमकीचे फोन गेले. म्हणजे २०२३ साली पंचांच्या ज्या डोळ्यांनी महेंद्रला पुढे नेले, त्याच जातीच्या डोळ्यांवर २०२५ साली त्याचा विश्वास उरला नाही. यात महेंद्रचा दोष काढावा असा हेतू नाही. आपण सारेच असे आहोत. निकाल आपल्या बाजूने लागला की पाचामुखी परमेश्वर, विरुद्ध गेला की पंच विकले गेलेले.

वाडिया पार्कवरचा तो निर्णय बरोबर की चूक, हे मी सांगू शकत नाही. मला त्या दिवसापासून छळणारा प्रश्न वेगळा आहे: हरलेल्याला लाथ मारण्यावाचून दुसरा रस्ता होता का?

कुस्तीचे आंतरराष्ट्रीय नियम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. गादीवरच्या कुस्तीला तीन अधिकारी असतात: आत उभा असलेला पंच, कडेला बसलेला न्यायाधीश आणि त्या दोघांवरचा गादीप्रमुख. एकट्या पंचाच्या मनात आले म्हणून गुण मिळत नाही. दुसऱ्याची संमती लागते. एखादा गुण मान्य नसेल तर पैलवानाचा प्रशिक्षक ‘चॅलेंज’ करू शकतो. मग चित्रफीत पाहतात. हरकत खोटी ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण बहाल होतो, त्यामुळे उठसूट कोणी हरकत घेत नाही. येथवर सारे शहाणपणाचे आहे. पण एक अपवाद आहे. चीतपटीवर चॅलेंज चालत नाही! कारण, नियम म्हणतो, चीतपट ही गादीप्रमुखाने आधीच शहानिशा करून मान्य केलेली असते. म्हणजे एका गुणासाठी दार उघडे आणि जिच्यामुळे कुस्तीच संपते तिच्यासाठी दाराला कडी. जत्रेतल्या निकाली कुस्तीत हे चालून जाई. तेथे अस्मान दाखवल्याचे चार हजार माणसे पाहत, आणि नाही लागला निकाल तर बरोबरीत सोडवून दोघांना फेटे बांधत. गादीवर मात्र सेकंदाच्या अंशाचा हिशेब असतो.

तरीही कुस्तीचे एक बरे आहे. पाठ लागते किंवा लागत नाही. सत्य काय ते कुठेतरी असते, ते दिसले की नाही एवढाच वाद. पण जेथे पाठ लागण्यासारखे काही नसतेच, तेथे काय करायचे? वक्तृत्व, एकांकिका, मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स. येथे परीक्षकाच्या डोळ्याबाहेर निकालाला अस्तित्वच नाही. अशा खेळांत सर्वांत जास्त भांडलेला आणि त्या भांडणातून सर्वांत जास्त शिकलेला खेळ कोणता, याचा शोध घेताना मी एका अगदी अनोळखी मुलखात जाऊन पोचले: स्त्रियांचे फिगर स्केटिंग. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मोबाईलवर रात्र रात्र पाहिले. आपल्याकडे बर्फाशी संबंध गोळ्यापुरता आणि उसाच्या रसापुरता, हे कबूल; पण त्या गोऱ्या-पिवळ्या बर्फपऱ्यांची भांडणे पाहिली आणि वाडिया पार्कच आठवले.

या खेळात पायांत धारदार पाते लावलेले बूट घालून, संगीताच्या साथीने, मुलगी एकटी बर्फावर येते. उड्या मारते, हवेत गिरक्या घेते, एका पायावर उतरते, नाचते. दोन फेऱ्या असतात, एक छोटी आणि एक मोठी. जुन्या पद्धतीत नऊ परीक्षक प्रत्येकी दोन आकडे देत, एक तंत्राचा आणि एक सादरीकरणाचा. सर्वोच्च आकडा सहा. पण खरी मेख अशी की ते आकडे बेरजेसाठी नसतच. त्यांवरून प्रत्येक परीक्षकाचा पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम ठरे, आणि क्रमांचा हिशेब होई. छोट्या फेरीचा क्रमांक अर्धा धरायचा, मोठ्या फेरीचा पूर्ण. बेरीज सर्वांत कमी तिला सुवर्ण.

२००२ सालच्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये या हिशेबाने केलेली गंमत पाहा. छोट्या फेरीनंतर अमेरिकेची मिशेल क्वान पहिली, रशियाची इरिना स्लुत्स्काया दुसरी, आणि अमेरिकेचीच सोळा वर्षांची सारा ह्यूज चौथी होती. मोठ्या फेरीत ह्यूजने जीव ओतला. शेवटची स्लुत्स्काया बर्फावर यायची होती तेव्हा मोठ्या फेरीत ह्यूज पहिली आणि क्वान दुसरी होती. हिशेब करा: क्वानचे अर्धा अधिक दोन म्हणजे अडीच; ह्यूजचे दोन अधिक एक म्हणजे तीन. कमी बेरीज क्वानची, म्हणून क्वान पुढे. मग स्लुत्स्काया आली आणि मोठ्या फेरीत दुसरी ठरली. तिच्यामुळे क्वान तिसरी झाली, तिची बेरीज साडेतीन झाली. स्लुत्स्कायाची एक अधिक दोन, तीन. ह्यूजची तीनच. बरोबरी झाल्यास मोठ्या फेरीचा क्रम पाहायचा, म्हणून सुवर्ण ह्यूजला. त्या मोठ्या फेरीत ह्यूज की स्लुत्स्काया, यावर परीक्षकांचे मत पाच विरुद्ध चार असे पडले होते.

आता विचार करा. क्वान आणि ह्यूज या दोघींचे सादरीकरण केव्हाच संपले होते. दोघींनी त्यानंतर बर्फावर पाऊलही टाकले नाही. तरी क्वानच्या पुढे ह्यूज गेली, ती तिसऱ्याच मुलीच्या सादरीकरणामुळे. यात कोणी बेइमानी केली नाही. हिशेबाची पद्धतच तशी होती. माझ्या अर्थशास्त्राच्या सरांना हे उदाहरण सांगितले तेव्हा ते खूश झाले. मतदानाच्या शास्त्रात हा जुनाच पेच आहे म्हणाले.

असाच पेच आपल्या मेरी कोमच्या वाट्याला आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, कोलंबियाच्या इंग्रिट वालेन्सियाशी तिची लढत झाली. पहिली फेरी पाचांपैकी चार परीक्षकांनी वालेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी प्रत्येकी तीन विरुद्ध दोन मतांनी मेरीने जिंकली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही ती हरली, कारण मुष्टियुद्धात फेऱ्या मोजत नाहीत. प्रत्येक परीक्षक आपल्या तिन्ही फेऱ्यांचे गुण स्वतंत्र बेरजेने मोजतो आणि मग पाच परीक्षकांचे मत घेतात. ते तीन विरुद्ध दोन असे वालेन्सियाकडे गेले. मेरीला आपण हरलो हे कितीतरी वेळ कळलेच नव्हते. निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोयही तेथे नव्हती. नियमाने पाहिले तर निकाल चोख. पण ज्या खेळात स्वतः खेळणारीला आपण हरलो की जिंकलो हे कळत नाही, त्या खेळाच्या नियमांनी थोडी मान खाली घालावी असे मला वाटते.

सॉल्ट लेक सिटीत याहून मोठे वादळ जोडीच्या स्पर्धेत उठले. रशियन जोडीला सुवर्ण मिळाले, कॅनडाच्या जोडीला रौप्य, आणि फ्रान्सच्या परीक्षक बाईंनी आपल्यावर दबाव असल्याचे सांगितल्याचे बाहेर आले. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण देऊन पडदा पाडण्यात आला. त्या लाजेतून २००४ सालापासून नवी गुणपद्धती आली. ती थोडी किचकट आहे, पण समजून घेण्याजोगी आहे.

या पद्धतीत प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला आधीच ठरवलेली किंमत असते, बाजारातल्या दरफलकासारखी. उदाहरणार्थ ट्रिपल अ‍ॅक्सल. समोर तोंड करून घेतली जाणारी ही एकमेव उडी, म्हणून तिला हवेत साडेतीन फेरे होतात. तिची किंमत आठ गुण. मुलीने कोणती उडी मारली, फेरे पुरे झाले की नाही, हे परीक्षक ठरवत नाहीत. त्यासाठी वेगळे तांत्रिक मंडळ असते आणि ते चित्रफीत संथ करून पाहते. पाव फेऱ्याहून अधिक कमी पडले तर किंमत ऐंशी टक्क्यांवर येते, म्हणजे आठाचे सहा पूर्णांक चार. अर्धा फेरा किंवा अधिक कमी पडला तर एक फेरा कमी असलेली उडी धरतात. त्यानंतर नऊ परीक्षक ती उडी किती सुबक झाली याचे उणे पाच ते अधिक पाच असे मोल करतात, आणि प्रत्येक पायरीला किंमतीच्या दहा टक्के वाढतात किंवा कापले जातात. नऊंपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टाकून देतात. उरलेल्या सातांची सरासरी घेतात. म्हणजे एखाद्याने लाड केले किंवा सूड उगवला, तर त्याचाच आकडा बहुधा कचऱ्यात जातो. नृत्याचे, रचनेचे, बर्फावरील सफाईचे गुण निराळे.

मला यातले सर्वांत काय आवडले असेल तर शेवटी निघणारा कागद. कोणत्या उडीला किती किंमत, कोणत्या परीक्षकाने किती दिले, कोठे कापले, सारे रकान्यात छापून जाहीर होते. हरलेली मुलगी रात्री तो कागद घेऊन बसू शकते आणि म्हणू शकते, सातव्या उडीत माझा पाव फेरा गेला.

तरीसुद्धा भांडण मिटले नाही. २०१४ साली रशियातील सोची ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाची किम युना, आदल्या ऑलिंपिकची विजेती, छोट्या फेरीत ७४.९२ गुणांनी पहिली होती. यजमान देशाची सतरा वर्षांची आदेलिना सोत्निकोवा ७४.६४ वर. मोठ्या फेरीत किम न पडता, न अडखळता गेली आणि तिला १४४.१९ मिळाले. सोत्निकोवाला १४९.९५. एकूण २१९.११ विरुद्ध २२४.५९. साऱ्या जगात गहजब झाला, लाखो लोकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. पण कागद उघडा. तांत्रिक गुण सोत्निकोवाचे ७५.५४, किमचे ६९.६९. सोत्निकोवाने तिहेरी उड्या सात मारल्या होत्या, किमने सहा. दरफलकाप्रमाणे जास्त माल, जास्त दाम. कलेचे गुण मात्र किमला ७४.५० आणि सोत्निकोवाला ७४.४१, जवळजवळ सारखे. टीकाकारांचा सारा रोख येथे आहे. उड्या मोजता येतात, पण जिची बर्फावरील चाल इतकी परिपक्व आणि जिची अजून मुलीसारखी धसमुसळी, त्या दोघींमध्ये नऊ शतांशांचाच फरक? की घरच्या प्रेक्षकांच्या टाळ्या परीक्षकांच्या पेन्सिलीत उतरल्या? मी दोन्ही सादरीकरणे चार-पाच वेळा पाहिली. मला किम आवडली. पण मी नियम वाचून नव्हे, डोळे भरून पाहत होते, हेही सांगितले पाहिजे.

सोचीतील खरी सल वेगळीच होती. त्या परीक्षक मंडळात रशियन स्केटिंग महासंघाच्या एका बड्या पदाधिकाऱ्याची पत्नी होती. तिने काय गुण दिले? ते कोणालाच सांगता येईना. कारण सॉल्ट लेकच्या प्रकारानंतर परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून कोणाचा आकडा कोणता हे गुप्त ठेवण्याचा नियम झाला होता. कागदावर नऊ रकाने होते, पण त्यांवर नावे नव्हती! कोरियाची तक्रार फेटाळली गेली. एरिक झिट्झेविट्झ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या खेळातील आकड्यांचा अभ्यास केला आहे. परीक्षक आपल्या देशाच्या खेळाडूला थोडे झुकते माप देतात, हे तर त्याला आढळलेच. पण गुप्तता आल्यावर हे झुकते माप कमी न होता उलट वाढले, असेही दिसले. अखेर २०१६ साली गुप्तता रद्द झाली. आता कागदावर नावासह गुण असतात. परीक्षकाला वाचवायला ओढलेला पडदा परीक्षकाच्या पक्षपातालाच उपयोगी पडला, यापेक्षा बोलके उदाहरण मला तरी सापडले नाही.

आणि दरफलक तरी कोण ठरवतो? चार फेऱ्यांच्या उड्यांना भरघोस किंमत ठेवली, तेव्हा ज्यांची शरीरे अजून वाढायची आहेत अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची चलती झाली. पंचविशीतील बाईला ते झेपेना. शेवटी २०२२ साली वयाची अट पंधरावरून सतरावर नेण्याचा निर्णय झाला. आपल्या त्रिपुराच्या दीपा कर्माकरचे उदाहरण याच संदर्भात घेता येते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने घोड्यावरून मारलेली ‘प्रोदुनोवा’ उडी अवघडपणात सात गुणांची होती, आणि सफाईचे तिला ८.२६६ मिळाले. दोन उड्यांची सरासरी १५.०६६. कांस्यपदक १५.२१६ वर गेले, दीपा चौथी. आपण सारे हळहळलो. पण कोठे कमी पडले ते आपल्याला कळले, कारण अवघडपणाचे आणि सफाईचे गुण वेगळे मांडलेले होते. त्या रात्री कोणी पंचांच्या नावाने बोटे मोडली नाहीत.

आता एवढे बर्फ तुडवून आपल्या अंगणात येते, कारण हे सारे मी ज्या जखमेपायी वाचत बसले ती येथलीच आहे.

गेल्या वर्षी मी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत बोलले. कोठली ते सांगत नाही. दुसरी आले, दहा गुणांनी. गुणपत्रक पाहायला मिळेल का, असे विचारले तेव्हा संयोजकांनी माहितीपत्रकावरील शेवटच्या ओळीवर बोट ठेवले: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. पुढे वेळ दाखवण्याची घंटा ज्याच्याकडे होती त्या मुलाकडून आकडे कळले. पन्नासपैकी पहिल्या परीक्षकांनी मला ४१, जिंकलेल्या मुलाला ४०. दुसऱ्यांनी मला ४२, त्याला ४०. तिसऱ्यांनी मला २५, त्याला ३८. माझे १०८, त्याचे ११८. म्हणजे तिघांपैकी दोघांच्या मते मी सरस होते, आणि तरी हरले.

मी चार दिवस धुमसत होते. मग शांत झाल्यावर लक्षात आले की तिसऱ्या परीक्षकांनी लबाडी केली असेलच असे नाही. ते कदाचित पंचवीस ते पंचेचाळीसपर्यंत मोकळ्या हाताने गुण देणारे असतील, आणि पहिले दोघे अडतीस ते बेचाळीस या सांदीतच फिरणारे. जो परीक्षक हात सैल सोडतो, त्याचे मत आपोआप इतर दोघांच्या मतापेक्षा जड होते. कच्च्या बेरजेचा हा गुणच आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक स्पर्धांचे निकाल याच कच्च्या बेरजेवर लागतात. बरे, क्रमांक लावून हिशेब करावा, तर क्वान-ह्यूजचा पेच आहेच. आणि तिसऱ्यांना माझे भाषण खरेच विषय सोडून गेलेले वाटले असेल तर? वाटले असेलही. मी मध्येच पाच मिनिटे पाणीप्रश्नावर घसरले होते, हे आता आठवते. पण ते मला कोणी सांगितले नाही. मला फक्त २५ हा आकडा मिळाला, आणि तोही चोरून.

याच वर्षी पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत बाल वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षण करायला मला बोलावले. कॉलेजात शिकणारी ताई म्हणून. चिठ्ठ्या टाकल्या आणि सहावीतली एक मुलगी पहिल्या क्रमांकाला आली. छान बोलली. मी तिला बत्तीस दिले. म्हटले, पुढे कोणी याहून बरे आले तर जागा हवी. पुढे सतरा मुले बोलली. शेवटी-शेवटी माझा हात सैल झाला, अडतीस, एकोणचाळीस असे आकडे पडू लागले. त्यांतला एक मुलगा आमच्या शेजारचा होता, आणि त्याचा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा होता. त्याचा काही परिणाम झाला की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झिट्झेविट्झ यांना विचारावे लागेल. पहिली मुलगी चौथी आली. बक्षिसे तीनच होती. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “ताई, माझं काय चुकलं?” मी माझ्या कागदाकडे पाहिले. तेथे विषय, उच्चार, हावभाव असे काही रकाने नव्हतेच. नुसते बत्तीस लिहिलेले होते. मी तिला म्हटले, “काही नाही गं, छान बोललीस, पुढच्या वेळी नक्की.” तिचे समाधान झाले नाही. होण्यासारखे मी काही बोललेच नव्हते.

त्या संध्याकाळी मामांना हे सांगितले. ते म्हणाले, “कुस्तीत निदान पाठीला माती लागते.”

आपल्या वाङ्मय मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी एक अर्ज दिला आहे. गुणपत्रकात विषयाची मांडणी, भाषा, उच्चार आणि प्रभाव असे चार रकाने असावेत. तीनऐवजी पाच परीक्षक असावेत आणि प्रत्येक स्पर्धकाच्या बाबतीत वरचा व खालचा असे दोन आकडे गाळावेत. पहिल्या तीन स्पर्धकांचे गुण सर्वांचे ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा तपासण्याची मुभा परीक्षकांना असावी. आणि निकालानंतर सर्व गुणपत्रके, परीक्षकांच्या नावांसह, सूचनाफलकावर लावावीत. पाच परीक्षक आणायचे म्हणजे पाच जणांचा प्रवासखर्च आणि पाच नारळ-शाली, हे मला कळते. त्यामुळे दुसरे कलम बारगळले तरी चालेल. चौथे मात्र फुकट आहे. त्याला एक खिळा लागतो.

प्राध्यापक मंडळींत यावर चर्चा झाली असे कळले. एका सरांनी मला वाटेत थांबवून विचारले, “नावासह गुण लावले तर बाहेरचे परीक्षक आपल्याकडे येतील का? आणि फलकासमोर जी भांडणे होतील ती कोण मिटवणार?” प्रश्न योग्य आहे. मी म्हटले, भांडणे आताही होतात सर. फक्त ती कँटीनमध्ये होतात, आणि कोणाच्या हातात कागद नसतो. ते हसले, पण अर्जावर अजून सही झालेली नाही.